तळहातावरचा साबुदाणा

त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांची भाषा सहसा रुक्ष असते. पण एका आजारापाशी आली की ही पुस्तकं थेट स्वयंपाकघरात शिरतात. बोटांच्या कडेला, तळहातावर, कधी तळपायाच्या खळग्यात जे बारीक पाणीदार फोड उठतात, त्यांना ती ‘साबुदाण्यासारखे’ म्हणतात. उपासाची खिचडी खाणाऱ्याला हे वर्णन लगेच पटतं. दाणे एक-दोन मिलिमीटरचे, अर्धपारदर्शक, वर आलेले कमी आणि आत रुतलेले जास्त. अंगठा फिरवला की कण लागतात, पण दाबले तर सहजी फुटत नाहीत. ते दिसण्याच्या आधीच खाज आणि जळजळ सुरू झालेली असते. दोन-तीन आठवड्यांत दाणे सुकतात, मग सालपटं निघतात, खालून लाल, कोवळी कातडी डोकावते, काहींच्या बोटांना भेगा पडतात. ‘गेलं एकदाचं’ म्हणावं तर महिन्या-दोन महिन्यांनी पुढची फेरी हजर.

डॉक्टर याला पॉम्फोलिक्स किंवा डिसहायड्रॉटिक एक्झिमा म्हणतात. हा इसबाचाच एक प्रकार. घरात मात्र ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ असं निदान होऊन सब्जाचं पाणी पुढे येतं. हा आजार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात नाही. तरीही पोळ्या लाटणारीला, दुकानात सुटे पैसे देणाऱ्याला, पेशंटची नाडी बघणाऱ्या नर्सला लोकांच्या नजरा झेलाव्या लागतातच.

हे दाणे इतके आत का रुततात, याचं उत्तर तळहाताच्या घडणीत आहे.

आपला हात उलटा-सुलटा करून पाहा. मागच्या बाजूची कातडी आणि तळहाताची कातडी एकाच हाताच्या, पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. तळहातावर केस नाहीत, आणि केसांच्या मुळाशी असणाऱ्या तेलाच्या ग्रंथीही नाहीत. उलट घामाच्या ग्रंथी इथे आणि तळपायावर सर्वांत दाट, एका चौरस सेंटिमीटरमध्ये 250 ते 550. पाठीवर घाम येतो तो उन्हामुळे. तळहाताला मात्र तोंडी परीक्षेच्या दारात उभं राहिलं तरी घाम फुटतो. जाडीचं तर विचारूच नका. त्वचेचा वरचा थर पापणीवर अवघा 0.05 मिलिमीटर असतो, तो तळहाता-तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जातो. यातला बराचसा भाग मेलेल्या, चपट्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा. कुदळ धरायची, दोर ओढायचा, गरम तवा चिमट्याविना उचलायचा, तर हे हवंच.

आता या जाड थराच्या खाली सूज आली तर काय होतं? तिथल्या जिवंत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सूक्ष्म बंधांनी जखडलेल्या असतात. सुजेचा द्रव त्यांच्या मधल्या फटींत शिरतो. पेशी दूर ढकलल्या जातात, पण बंध सोडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ताणून लांबुळक्या झालेल्या दिसतात, जागोजागी एकमेकींना धरून राहिलेल्या. मग एकेक बंध तुटतो, द्रवाची इवली डबकी तयार होतात, शेजारची दोन डबकी एक होतात. मानेवर किंवा कोपराच्या घडीत हेच घडलं तर द्रव पातळ कातडी फोडून बाहेर येतो आणि त्याला आपण ओला इसब म्हणतो. तळहातावर ती वाट बंद असते. द्रव वर येऊ शकत नाही, बाजूला पसरू शकत नाही, म्हणून जागच्या जागी त्याचा दाणा होतो. हाताला मजबूत करणारी जाडीच फोडाला कोंडून ठेवते.

लंडनच्या विल्यम टिलबरी फॉक्स या त्वचातज्ज्ञाने 1873 मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याचा संशय घामावर होता. घामाच्या ग्रंथी इथेच सर्वांत जास्त, उन्हाळ्यात त्रास वाढतो, आत स्वच्छ पाणी. म्हणजे घाम तुंबला असणार. तर्क चोख होता. पण पुढे अशा त्वचेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा घामाची नळी बहुधा फोडाच्या शेजारून सरळ निघून गेलेली आढळली. फोडाचं मूळ सुजेतच होतं. तरी घाम पूर्ण निर्दोष सुटलेला नाही. उकाडा, घामेजलेले तळहात आणि मनावरचा ताण यांनी हा आजार उसळतो, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघंही सांगतात. तळहाताचा घाम थांबवणारी बोटुलिनमची इंजेक्शनं दिल्यावर काहींचे फोडही कमी होतात.

याहून चक्रावणारी गोष्ट पायात दडलेली असते. पायाच्या बोटांच्या बेचक्यात बुरशी झाली, आपण ज्याला चिखल्या म्हणतो तसं काही, तर कधी कधी फोड उठतात हातावर. त्या फोडांतलं पाणी तपासलं तर बुरशीचा मागमूस नसतो. पायातल्या बुरशीशी लढायला उठलेली शरीराची संरक्षणयंत्रणा हातावर सूज आणते. अशा माणसाच्या हाताला कितीही मलमं चोळा, उपयोग थोडा. पायाची बुरशी गेली की हात आपोआप निवळतो. म्हणूनच जाणता डॉक्टर हाताची तक्रार ऐकून आधी चप्पल काढायला सांगतो. आणखी एक गंमत: दोन्ही पाय आणि एकच हात कोरडा, सालपटलेला असेल तर बुरशी खुद्द त्या हातातही असण्याची शक्यता मोठी. तो हात बहुधा पाय खाजवणारा असतो.

खाजणारा, फोड आलेला प्रत्येक हात पॉम्फोलिक्सचाच असतो असंही नाही. कित्येकदा हाताने जे धरलं त्याचाच तो राग असतो, आणि डाग कुठे उमटलाय यावरून गुन्हेगार ओळखता येतो. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्याच तीन टोकांना भेगा आणि सालपटं, उजवा हात ठणठणीत. असा हात पाहिला की डॉक्टर विचारतात, ‘लसूण रोज तुम्हीच चिरता का?’ उजव्या हातात सुरी, डाव्या चिमटीत पाकळी. लसणीतल्या गंधकयुक्त द्रव्याची ॲलर्जी नेमकी त्या चिमटीवर उतरते. डावखुऱ्यांमध्ये हे चित्र उलट दिसतं.

कोकणात, गोव्यात, चंदगड-आजऱ्याकडे काजूच्या हंगामात हात सोलवटतात, ते काजूच्या टरफलातल्या जहाल तेलाने. ओले काजूगर काढणाऱ्या बायका हाताला तेल आणि राख लावून बसतात ते उगाच नाही. काजू, आंबा आणि बिब्बा हे एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतो, बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, आणि अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही ही वेलही याच घराण्यातली. तिकडच्या रानवाटांवर या वेलीने पोळलेल्या माणसाला पुढे आंब्याची सालही सोसत नाही, असं घडतं.

गवंड्याच्या हाताची गोष्ट जास्त आशेची आहे. सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक विरघळणारा प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि वर्षानुवर्षं ओलं सिमेंट हाताळणाऱ्यांना त्याची ॲलर्जी जडते. डेन्मार्कने 1983 मध्ये कायदाच केला की असं क्रोमियम किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या वर नको. त्यासाठी सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं जाऊ लागलं आणि तिथल्या बांधकाम कामगारांमधली ही ॲलर्जी झपाट्याने उतरली. 2005 पासून सगळ्या युरोपीय संघात हाच नियम आहे. हजारो हात मलमाशिवाय वाचले.

गुन्हेगार समजत नसेल तर पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांचे चिमूटभर नमुने पाठीवर चिकटवायचे, 48 तासांनी काढायचे आणि त्या दिवशी व पुढे एक-दोन दिवसांनी पाठ वाचायची. योसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये ही रीत दाखवली. इतकी तंत्रं आली, तरी आजही भरवसा हिच्यावरच.

काहींचे हात मुळातच हळवे असतात. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध उघड केला. हे प्रथिन कमी पडलं की वरचा थर ओलावा नीट धरून ठेवत नाही आणि साबण, डिटर्जंट, धूळ सहज आत शिरतात. ‘एवढ्या भांड्यांनी काय होतंय, आम्ही नाही घासली?’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय जर्मनीत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर त्या कामाला त्वचेला धोक्याचं ओलं काम मानतात आणि मालकाने काळजी घ्यायची असते. आपल्याकडे भांडी, धुणी, फरशी आणि कणीक यांत दोन तास केव्हाच उलटतात. त्याची नोंद मात्र कुणीच ठेवत नाही.

आता खाज. इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा लहान असतो. म्हणून ॲलर्जीच्या गोळीने अंगावरच्या गांध्या बसतात, पण तळहात खाजतच राहतो. इथे सुजेतल्या पेशी दुसरी रसायनं सोडतात आणि ती थेट मज्जातंतूंना चेतवतात. खाजवलं की बरं वाटतं, कारण नखाने होणारी बारीकशी वेदना मज्जारज्जूतच खाजेचा निरोप अडवते. कडकडीत पाण्याखाली हात धरल्यावर वाटणारं सुखही त्याच जातीचं. पण नखाने आणि गरम पाण्याने वरचा थर आणखी उसवतो, सूज वाढते आणि खाज व्याजासकट परत येते. त्यापेक्षा गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं हातावर ठेवावं. तेही खाज शमवतं आणि काही बिघडवत नाही.

सालपटांचंही तसंच. कातडी एरवीही रोज झडते, पण पेशी एकेकट्या गळतात म्हणून दिसत नाही. सुजेच्या घाईत अर्ध्याकच्च्या पेशी वर ढकलल्या जातात, त्यांचे बंध वेळेवर सुटत नाहीत आणि कातडी पापुद्र्याने निघते. टोक दिसलं की ओढायचा मोह होतो. ओढू नये, जिवंत कातडी फाटते. टोचलंच तर कात्रीने कापावं. फोडही फोडू नयेत.

रोजचं पथ्य साधं आहे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा साबण बहुधा चांगलाच अल्कधर्मी. म्हणून कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर बरं. अंगठी काढून हात धुवावेत, तिच्याखाली साबण अडकून राहतो. बेचकी टिपून कोरडी करावीत आणि लगेच जाडसर मलम लावावं. पातळ, सुगंधी लोशन नको. अमेरिकेतल्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्राला चिकटणारा मेणचट थर कापल्या-भाजल्यावर लावत. तोच शुद्ध करून रॉबर्ट चीझब्रो याने 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, आणि भेगाळलेल्या हातांना ते आजही स्वस्तात स्वस्त औषध आहे. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत, पण आत सुती मोजा असावा, कारण नुसत्या रबरात हात घामाने भिजतो. हात मळलेले नसतील तर साबणापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर त्वचेला कमी छळतं. भेगांवर मात्र ते चांगलंच झोंबतं. लिंबू, लसूण, बिब्बा असले उपाय फाटक्या कातडीवर नकोतच.

औषधात सुजेवर पहिला मान स्टेरॉइड मलमाचा, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेले दिवस. दुकानातून आपणच आणलेली मिश्र मलमाची ट्यूब बुरशीला झाकते आणि पोसते. खाज रात्री वाढत असेल आणि घरात इतरांनाही असेल तर ती खरूज असू शकते. पू, ठणका किंवा ताप आला तर थांबू नये. जुनाट, हट्टी इसबासाठी प्रकाशोपचार आहेत, आणि 2024 मध्ये युरोपीय संघाने डेल्गोसिटिनिब या स्टेरॉइडविरहित मलमाला खास हातांच्या इसबासाठी मान्यता दिली.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती बरं झाल्यावर. फोड गेले, सालं गेली, तळहात गुळगुळीत झाला की आपण मलमाची डबी कपाटात टाकतो आणि मोज्यांशिवाय भांड्यांना बसतो. पण वरून नितळ दिसणाऱ्या त्वचेची सहनशक्ती पूर्ववत व्हायला आणखी चार-पाच महिने लागतात. त्या काळात थोडासा साबणही पुढची फेरी बोलावू शकतो. तेव्हा औषध डॉक्टर सांगतील तेव्हा थांबवा, पण साधं मलम आणि हातमोजे खाज थांबल्यानंतरही चार-पाच महिने चालू ठेवा.