ग्रीष्मातील फलयुक्त शीत चहा : हिमकल्पनेचा उपयोग

ग्रीष्मात गरम चहा सोसवत नाही आणि चहा सोडवतही नाही, अशी तक्रार रुग्ण नेहमी करतात. मग बाजारातील गोड ‘आइस टी’ची पूड घरी येते. तिच्यात बहुधा साखरच अधिक असते. अशा वेळी चहाचा सरसकट निषेध करण्यापेक्षा त्याची कल्पना बदलणे श्रेयस्कर.

शार्ङ्गधरसंहितेनुसार फांट उष्ण जलाने, तर हिम शीत जलात रात्रभर भिजवून सिद्ध होतो. हिमासाठी १ भाग द्रव्यास ६ भाग जल सांगितले आहे. ते प्रमाण औषधाचे. पेय त्याहून पुष्कळ सौम्य असावे. उकळलेल्या चहापेक्षा या विधीने तुरटपणा कमी उतरतो, म्हणून साखरही कमी लागते.

कृती : उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १० ग्रॅम चहापत्ती घालून, झाकून ८ तास फ्रिजमध्ये ठेवावी. गाळून त्यात एका डाळिंबाचा ताजा रस, ४-५ आमसुलांचे पाणी व चवीपुरती खडीसाखर मिसळावी. त्याच दिवशी संपवावे.

मधुमेही रुग्णांनी रस व साखर टाळून लिंबू-पुदिना वापरावा. मंदाग्नी व प्रतिश्याय असता बर्फ वर्ज्य.

पांडुरोगात मात्र विशेष दक्षता हवी. चहातील टॅनिन लोहाच्या शोषणास अडथळा आणते. थंड केल्याने हा दोष जात नाही. म्हणून लोह-मंडूरकल्प देताना वैद्यांनी व औषधालयचालकांनी ‘चहा दोन तासांच्या अंतराने’ ही सूचना पुडीवर अवश्य लिहावी.