कान तुटलेला कप

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी, गोठ्याच्या कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असे. चिनी मातीचा, कान तुटलेला. तो आमच्या गड्याचा. गावकुसाबाहेर राहणारा हा गडी आला की कप स्वतः विसळून पुढे धरायचा आणि आई वरून, न शिवता, चहा ओतायची. घरातल्या दुसऱ्या कपाचा कान उडाला तर तो उकिरड्यावर जाई. हा मात्र जपून ठेवलेला. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही.

परवा एका पुस्तकात जपानमधल्या चहाच्या वाडग्याचं चित्र पाहिलं आणि तो कप आठवला. ‘किझाएमोन इदो’ हे त्याचं नाव. पिवळसर तपकिरी रंग, अंगभर बारीक तडे; नक्षी नाही, कानही नाही. सोळाव्या शतकात कोरियातल्या कुणा अनाम कुंभाराने घडवलेलं हे साधं भांडं आज जपानचा ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे. क्योटोच्या दाइतोकुजी मठातल्या कोहोआन मंदिरात ते जपलेलं आहे.

जपानी रसिकांना आधी वेड होतं चिनी भांड्यांचं. चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्या काळात साधेपणाची गोडी लागली आणि कोरियन वाडगे मानाला चढले. पुढे १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथले कुंभारही नेले. त्यांच्यापैकी काहींनी हागी इथे भट्ट्या लावल्या. हागीचे नावाजलेले वाडगे या इदो घडणीवरच बेतलेले. ज्याच्या हाताचं कौतुक, त्यालाच धरून न्यायचं!

मी थबकलो ते मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी. रिक्यूंच्या चहाघराचं दार इतकं ठेंगणं, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकून आत यावं लागे. दाट चहाचा वाडगा एकच. प्रत्येकाने घोट घ्यायचा, कड पुसायची, पुढच्याला द्यायचा. जपानात उच्चनीच नव्हतं असं नाही. पण त्या खोलीपुरतं तरी ते दाराबाहेर राही.

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढून सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्यानंतर चाळीस वर्षांनीही आमचा कोनाडा रिकामा झाला नव्हता.

पुढे मी बँकेत अधिकारी झालो. म्हशीच्या कर्जाची पाहणी करायला एकदा त्याच गड्याच्या दारी गेलो. त्याने कोरी, फुलाफुलांची कपबशी काढली. “घ्या, धाकलं मालक,” म्हणाला आणि उभाच राहिला. ‘तुम्हीही घ्या, बसा,’ एवढं माझ्या तोंडून निघायला हवं होतं. निघालं नाही. चहा संपवला, म्हैस पाहिली, कागदावर सही केली आणि उठलो.

आता तो नाही. गोठा पाडला, तेव्हा कोनाड्याबरोबर कपही गेला. तो ठेवायला हवा होता असं आज वाटतं. आमच्या घराने काय जपलं होतं, ते नातवंडांना दाखवायला तरी.