मांडवावर संध्याकाळी सहा

आमच्या गच्चीवर संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोडका उमलतो. दिवसभर घट्ट मिटलेल्या हिरवट कळ्या सैल व्हायला लागतात, पतंगाच्या चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या एकेक करून सुटतात, आणि दिवेलागणीपर्यंत मांडवाची ती बाजू फिक्या पिवळ्या फुलांनी भरून जाते. त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला घोसाळं आहे. ते दोडक्याचं सख्खं भावंड. वेल जवळपास तसाच, फुलंही पिवळीच, फक्त फळाला त्या धारदार शिरा नाहीत. पण घोसाळ्याचं फूल उमलतं पहाटे. माती एक, पाणी एक, मांडव एक, आणि दोघांची घड्याळं मात्र अर्ध्या दिवसाने पुढेमागे.

भाजीच्या बागेबद्दल बोलताना आपण माती, शेणखत, पाणी यांबद्दल बोलतो. ते हवंच. पण गेली काही वर्षं अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांत पावसाळी वेल लावताना मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते वेलांना कळणाऱ्या वेळेने.

मृग लागला की बी टोकायचं, ही जुनी रीत. दोडक्याचं, दुधीचं बी रात्रभर भिजवून लावलं की आठवड्याच्या आत कोंब वर येतो. वेल वीतभर झाला की पानाच्या बेचक्यातून एक हिरवा दोरा निघतो. तो ताणा. पाठ्यपुस्तकात त्याला प्रतान म्हणतात. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसा आणि ताण्याचं टोक मागच्या भिंतीवर जिथे दिसतं तिथे खडूने ठिपका काढा. अर्ध्या तासाने टोक त्या ठिपक्यावर नसतं. आणखी अर्ध्या तासाने भलतीकडेच. ठिपके जोडले की गोल व्हायला लागतो. तो दोरा हवेत चाचपडत असतो, अंधारात भिंतीवरचं बटण शोधणाऱ्या हातासारखा.

चार्ल्स डार्विनला याच गोष्टीने वेड लावलं होतं. एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ साली ताण्यांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. ते वाचून आणि ग्रे यांनीच पाठवलेल्या बिया पेरून डार्विन आजारपणात आपल्या खोलीतल्या कुंडीसमोर तासन् तास बसून राहिला. तो वेल काकडीच्याच कुळातला होता. त्याचं टोक दीड-दोन तासांत एक फेरी पुरी करतं, हे त्याने मोजलं. १८६५ मध्ये त्याने वेलींच्या हालचालींवर शंभराहून जास्त पानं लिहिली. उत्क्रांतीचं पुस्तक लिहून जगभर गाजलेला माणूस काकडीच्या ताण्यापुढे असा बसला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

ताण्याला सुतळी लागली की पुढचं नवल सुरू होतं. सुतळीला टेकलेल्या बाजूपेक्षा बाहेरच्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात, त्यामुळे टोक आपोआप आत वळतं आणि सुतळीला वेटोळं घालतं. मग उरलेल्या दोऱ्याला पीळ पडायला लागतो, आणि वेल हळूहळू सुतळीकडे ओढला जातो. इथे एक अडचण आहे. दोन्ही टोकं पक्की बांधलेल्या दोरीला एकाच दिशेने पीळ पडू शकत नाही. वेल ती अशी सोडवतो की अर्धा ताणा उजवीकडे पिळतो, अर्धा डावीकडे, आणि मधे एक छोटा सरळ तुकडा राहतो. कुठलाही जुना ताणा उजेडाकडे धरा, तो तुकडा सापडतोच. मी पाहुण्यांना गच्चीवर नेऊन तो दाखवते. लहान मुलांना तो मोठ्यांपेक्षा आधी सापडतो.

२०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या ताण्यात एक बारीक पट्टी असल्याचं दाखवलं. दोन थरांच्या चिवट पेशींची ही पट्टी एका बाजूने आखडते आणि म्हणून पीळ पडतो. आणि जून झालेला ताणा खेचला तर तो लगेच उलगडत नाही. आधी त्याचा पीळ आणखी वाढतो. आषाढातल्या वाऱ्यात आमचा अख्खा मांडव हेलकावे खातो, बांबू करकरतात, पण वेल सुटत नाही, तो या स्प्रिंगांच्या जोरावर.

आता फुलांकडे या. जुलैत वेलावर फुलंच फुलं दिसतात आणि फळ एकही धरत नाही. ही सगळी नर फुलं. मोठे दिवस आणि उष्मा असला की या कुळातले वेल नर फुलं जास्त काढतात. दिवस आखडले, हवा गार झाली की मादी फुलांचं प्रमाण वाढतं. मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही. त्याच्या मागे देठाऐवजी फळाचं इवलंसं रूप आधीच असतं: दोडक्यामागे शिरांसकट बोटभर दोडका, भोपळ्यामागे गोटीएवढा भोपळा. पराग पोहोचला तर ते वाढतं, नाही तर पिवळं पडून गळतं. ते गळालं की आपण खताला दोष देतो. खरं तर बऱ्याचदा पाहुणा आलेलाच नसतो.

आणि पाहुणा घड्याळ पाहून येतो. भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळची, मधमाश्यांसाठी. दुधी, पडवळ, दोडका यांची संध्याकाळची, निशाचर पतंगांसाठी. म्हणून दुधीचं फूल पांढरंशुभ्र, अंधारात लांबून दिसणारं. पडवळाच्या पाकळ्यांच्या कडांना तर पांढऱ्या रेशमी झालरी. हे फूल ज्यांनी रात्री टॉर्च घेऊन पाहिलं नसेल त्यांनी एकदा तरी पाहावं. दिवसा त्याची नुसती कोमेजलेली गुंडाळी दिसते.

उंच इमारतींत पतंग कमी येतात, तिथे आपणच ते काम करायचं. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. पहिल्या वर्षी मी हे सगळं सकाळी आठ वाजता करत असे. भोपळे धरले, दोडका एकही धरला नाही. दोडक्याची वेळ आदल्या संध्याकाळीच होऊन गेलेली असे. आता संध्याकाळी सात वाजता दोडका, आणि सकाळी उठल्या उठल्या भोपळा. उरलेल्या नर फुलांची भजी.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्या दिवसाचा नेम, म्हणून त्या दिवशीची भाजी परसातली. अळू, माठ, भेंडी, सुरण, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याची कणसं, सगळं एका पातेल्यात. मला त्या पातेल्यात पावसाळ्याचे तीन महिने दिसतात. (दोडका, दुधी, काकडी चिरताना मात्र एक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर ते फळ सरळ टाकून द्यावं. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही.)

याच मृगात टोकलेला वाल या सगळ्या काळात काय करतो? नुसता पाला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, पानं आणि पानं. शेजारच्या काकू दरवर्षी म्हणतात, "उपट तो, वांझ आहे." तो वांझ नाही, तो मोजतो आहे. पुण्या-मुंबईकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सगळ्यात लहान अकराच्या. हा दोन-सव्वादोन तासांचा फरक आपल्याला फारसा जाणवतही नाही. गावठी वालाला तो जाणवतो. दिवस पुरेसे लहान होईपर्यंत तो फुलत नाही. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर हे पहिल्यांदा नीट दाखवलं. रोपं दुपारीच काळोख्या खोलीत नेऊन ठेवली की ती लवकर फुलत. पुढे १९३८ मध्ये कळलं की असं झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचा हिशेब मोडतो. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकी शेत पिकलं तरी हिरवंच राहतं, ते याचमुळे. मोजतात ती पानं. तिथून निरोप शेंड्याकडे जातो आणि शेंडा पानांऐवजी कळ्या काढायला लागतो.

आता दिवस न मोजणारे वालही निघाले आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे झुडपी वाण कधीही शेंगा देतात, आणि विकणाऱ्या शेतकऱ्याची त्याने मोठी सोय झाली. तरी माझ्या पिंपात मी गावठीच लावते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं जपण्यासाठी, आणि त्यांच्या बियाण्यांत वाल-घेवड्याची कितीतरी रूपं आहेत. ठिपक्यांची, काळी, तांबूस. त्या एकेका बीमध्ये तिथल्या रात्रींची लांबी साठवलेली आहे, असं मला वाटतं. दसऱ्याच्या आसपास आमच्या वालाला जांभळे तुरे येतात, आणि काकू स्वतःहून पहिल्या शेंगा न्यायला येतात.

तोवर दोडका संपलेला असतो. शेवटचा एक मी मुद्दाम वेलावर ठेवते. तो आधी जून होतो, मग तपकिरी, मग इतका हलका की वाऱ्यात त्यातल्या बिया खुळखुळतात. डिसेंबरात एके दिवशी त्याच्या खालच्या टोकाचं झाकण गळून पडतं. पावसाळ्यात संध्याकाळी जिथे पिवळं फूल उमललं होतं, नेमकी तीच जागा. आत जाळी असते, जाळीतून वाट असते. मी खाली ओंजळ धरते आणि देठाला हलकेच टिचकी मारते.