जुनी रिव्हॉल्व्हर पारखताना

स्मिथ अँड वेसनची ‘मॉडेल १०’ ही माझी सर्वांत आवडती डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर! १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ नावाने आली, १९५७ मध्ये तिला हा क्रमांक मिळाला. अमेरिकी पोलिसांच्या कमरेला ती कित्येक दशकं होती. ट्रिगर एकदा ओढला की सिलिंडर फिरतो, हॅमर मागे जातो आणि सुटतो, हीच डबल-अ‍ॅक्शन.

जुनी घेताना काय पाहाल?

🔹 सर्वांत आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा.
🔹 हॅमर हळूहळू मागे ओढा. तो मागे अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर पक्का बसलाच पाहिजे.
🔹 बंद सिलिंडर पुढे-मागे खडखडायला नको.
🔹 ट्रिगरची ओढ सलग हवी, मध्ये कुठे अडखळायला नको.

बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका, आतल्या जुळणीवर विश्वास ठेवा!