नेमाने दिलेला एक तास

वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्तांनी दिव्यांग मुलांच्या बालगृहात मिष्टान्न पाठविण्याची प्रथा व्यापारी कुटुंबांत रुजलेली आहे. ती स्तुत्य आहेच. तथापि या मुलांना अन्नाइतकीच गरज असते ती निवांत वेळ देणाऱ्या माणसाची.

बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार ‘बालक’ हे १८ वर्षांपर्यंतच. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनाथ मुलाने त्यानंतर जावे कोठे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अशा मुलांचे पितृत्व स्वीकारणारे, २०२४ च्या पद्मश्रीचे मानकरी शंकरबाबा पापळकर यांनी हा प्रश्न शासनापुढे सातत्याने मांडला आहे. उत्तर मिळेपर्यंत मुलाला आधार उरतो तो स्वावलंबनाचाच.

स्वयंसेवकाचे कार्य येथे सुरू होते. अनेक मुले सांभाळणाऱ्या सेविकेला वेळेअभावी प्रत्येकाचे बटण स्वतःच लावावे लागते. स्वयंसेवकाने मात्र थांबावे. एकेक बटण मुलालाच लावू द्यावे, मग महिने लागले तरी चालतील. पुढे नाणी ओळखणे, वजन करणे, पुड्या बांधणे. हे शिकविण्यास पेढीवर वाढलेल्यांहून योग्य कोण?

पथ्ये दोनच. संस्थेस विचारल्याविना खाऊ देऊ नये, कारण काहींना गिळण्याचा त्रास असतो. मुलांची ओळख उघड करणारी छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. कायद्यानेही ते निषिद्ध आहे.

दुकान वेळेवर उघडल्यानेच पत जमते. आठवड्याचा एकच तास द्यावा, परंतु ठरल्या वारी, ठरल्या वेळी द्यावा. दाराकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचा विश्वास हीदेखील पतच आहे.