मनीची लाळ गळते तेव्हा

दुपारी कामं आटोपून मी जरा टेकले, की आमची मनी हळूच मांडीवर येऊन बसते. डोळे मिटून घुर्र घुर्र करते आणि कधीकधी साडीवर लाळेचे दोन थेंबही सांडतात. काही मांजरांना लाड करून घेताना अशी लाळ सुटते. त्यात काळजीचं काही नसतं. पण गेल्या उन्हाळ्यातली ती सकाळ वेगळी होती.

मनी न्हाणीघरामागे अंग चोरून बसली होती. हनुवटी ओली, लाळेची तार लोंबतेय, जीभ लालभडक. माझ्या धाकट्या लेकीनं मायेनं तिच्या तोंडाला दुधाचं बोट लावलं आणि मनीचा दात लागून थेंबभर रक्त आलं. सासूबाई ओरडल्या, "अगं, पिसाळलीय ती! पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या आधी!"

माझ्याही पोटात गोळा आला. लेकीचं बोट नळाखाली धरून साबणानं चांगलं पंधरा मिनिटं धुतलं. मग मनीला झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर धावून येते का? चाल बिघडलीय का?" दोन्हीला 'नाही'. मग म्हणाले, "ताई, फरशी कशानं पुसता?" मी गप्पच! पाहुणे यायचे म्हणून सकाळी बादलीत फिनेल जरा जास्तच ओतलं होतं. मनी ओल्या फरशीवरून चालली आणि नंतर पंजे चाटत बसली. फिनेलमधलं विष मांजराच्या यकृताला नीट बाहेर टाकता येत नाही. त्यानं तोंड पोळतं आणि लाळ गळते. सासूबाई उलटी व्हायला मिठाचं पाणी पाजणार होत्या. डॉक्टर म्हणाले, ते कधीच करू नका, उलटताना घसा पुन्हा पोळतो. त्यांनी पंजे धुऊन औषध दिलं. चार दिवसांत मनी खायला लागली.

लेकीला मात्र त्यांनी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं. मनीला रेबीजची लस मी टोचलीच नव्हती, ही चूक माझीच. रेबीज झाल्यावर उपाय नाही, म्हणून वाट बघायची नाही. आता पोटात चौदा इंजेक्शनं नसतात. ठरलेल्या तारखांना मोजकी घ्यावी लागतात, पण एकही चुकवायची नाही.

बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर प्रत्येकीकडे काही ना काही निघालं. म्हणून मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा.

तोंडाला घाण वास, खाताना मान वाकडी करणं, हे दात किडल्याचं किंवा हिरड्या सुजल्याचं लक्षण. शिंका आणि जिभेवर फोड असतील तर मांजरांची सर्दी. शिवणाचा दोरा जिभेखाली अडकला असेल तर ओढू नका, तो आतडंही कापतो. कडू औषधानं फेस येतो, तो थोड्या वेळात थांबतो. उन्हानं धापा टाकत लाळ गळत असेल तर सावलीत न्या, अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा.

तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनंही जीव जातो. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषधही लावू नका. आणि मांजर अचानक चवताळलं, गिळता येईना, लटपटायला लागलं, तर हात न लावता खोलीत कोंडून डॉक्टरांना बोलवा.

मनीला आता दरवर्षी लस असते. फिनेल बंद केलंय, साध्या पाण्यानं फरशी पुसते. परवा शेजारीण बादली घेऊन पुसायला बसली, तर सासूबाईच ओट्यावरून ओरडल्या, "अगं, आधी मनीला आत घे!"