रंगलेप परीक्षण, मोटारगाड्यांच्या

अपघातानंतर वाहन पळून गेल्यास मृताच्या कपड्यांवर, सायकलीवर वा दुसऱ्या वाहनावर राहिलेला रंगलेपाचा कण संशयित वाहनाच्या रंगलेपाशी जुळतो किंवा नाही, हे ठरविण्याची न्यायसहायक पद्धती. धुळे येथे मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे महामार्ग एकत्र येतात व पहिल्याचा जुना रस्ता पांझरा ओलांडून देवपुरातून जातो. अशा ठिकाणाहून पळालेले वाहन काही तासांत परराज्यात पोहोचते. मागे पुष्कळदा एवढा कणच उरतो.

रचना : कारखान्यात पोलादी पत्र्यावर फॉस्फेट प्रक्रियेनंतर एपॉक्सी पायलेप, मध्यलेप, रंगीत लेप व पारदर्शक लेप असे थर क्रमाने देतात. त्यांची एकूण जाडी सु. ०·१ मिमी. असते. मालमोटारी वारंवार पुन्हा रंगविल्या जात असल्याने त्यांवर अनेक अनियमित थर साचतात.

नमुने : तुलनेचा नमुना संशयित वाहनाच्या घासटलेल्या भागालगतचा, पत्र्यापर्यंतचे सर्व थर येतील असा स्वच्छ पात्याने काढतात, कारण दुरुस्तीमुळे एकाच गाडीच्या दोन भागांवरील थर भिन्न असू शकतात. तो घडी घातलेल्या कागदात ठेवतात. चिकटपट्टीतील चिकटद्रव्य रासायनिक विश्लेषणात बाधा आणते.

पद्धती : प्रथम तुटलेल्या कडा जुळतात का, ते पाहतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली छेद घेऊन थरांचा क्रम, रंग व जाडी पडताळतात. अवरक्त वर्णपटावरून अल्किड, ॲक्रिलिक इ. बंधक ओळखतात. उष्णतेने विघटन करून वायुवर्णलेखनाने बंधकांतील सूक्ष्म भेद कळतात; मात्र यात नमुना नष्ट होत असल्याने ही कसोटी शेवटी घेतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व क्ष-किरण विश्लेषणाने टिटॅनियम, बेरियम, शिसे यांसारखी रंगद्रव्यांतील व भरणद्रव्यांतील मूलद्रव्ये समजतात. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने उभारलेल्या संग्रहाच्या साहाय्याने केवळ कणावरून गाडीचा निर्माता व निर्मितिकाल यांचा अंदाज करता येतो.

निष्कर्षाचे मूल्य : एका थरातही निर्णायक फरक आढळल्यास त्या भागाचा संबंध नाकारता येतो. सर्व थर जुळले, तरी एकाच कारखान्यातील हजारो गाड्यांवर तोच लेप असतो. त्यामुळे पांढऱ्या नव्या गाडीचे साम्य दुर्बल, तर सहा-सात थरांच्या जुन्या मालमोटारीचे साम्य प्रबळ ठरते. कडांची जुळणी सर्वांत निर्णायक होय. गाडी कोण चालवीत होते, हे मात्र रंगलेपावरून कळत नाही.

महाराष्ट्रात अशा परीक्षणांसाठी मुंबई येथे मुख्य व नासिक, नागपूर, पुणे इ. ठिकाणी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. तज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ अन्वये ग्राह्य असते. तथापि त्याचे वजन न्यायालय इतर पुराव्यांसह ठरविते.